गळा सर्वांचा, गुण यंत्राचे

चार मित्र एकत्र जमले, जेवणखाण उरकले, गप्पांना उतार पडला, की पुढे काय करावयाचे हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहत आला आहे. कधी काळी त्याचे उत्तर पत्त्यांच्या जोडात होते, कधी सोंगट्यांच्या पटावर होते आणि घरात बाजाची पेटी असेल तर ते तिच्या भात्यात होते. आजच्या तरुणांना हे उत्तर दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर सापडले आहे. हातात माईक घ्यावयाचा, पडद्यावर सरकत येणारे शब्द वाचीत गाणे म्हणावयाचे आणि ते संपताच यंत्राने दिलेले गुण पाहून एकमेकांची टर उडवावयाची, असा हा कराओकेचा व्हिडिओ खेळ. पणजी-मडगावच्या सदनिकांत असो, वा नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूस किंवा सातासमुद्रापलीकडे गेलेल्या आमच्या मुलांच्या बिऱ्हाडांत असो, वाढदिवसाची वा सुटीची रात्र या खेळाने रंगावी यात आता नवल राहिलेले नाही.

नवल नसले तरी नाराजी आहे. वडीलधाऱ्यांचा सूर असा की, गाणे ही साधनेची वस्तू. तिचा असा पोरखेळ करणे म्हणजे विद्येची विटंबना. दुसरा सूर असा की, माणसांनी माणसांसमोर गावयाचे ते सोडून यंत्रापुढे गाऊन त्याच्याकडून शाबासकी घेणे हे लाजिरवाणे. तिसरा सूर असा की, हे परदेशी खूळ आहे आणि इतर खुळांप्रमाणे तेही ओसरेल. या तिन्ही आक्षेपांत तथ्याचा काही अंश आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिन्हींचा रोख चुकतो आहे, असे आमचे मत आहे, आणि ते का हे जरा विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

प्रथम या खेळाचे मूळ पाहू. 'कराओके' हा जपानी शब्द. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ओकेसुतोरा'चे, म्हणजे ऑर्केस्ट्राचे, छाटलेले रूप. साथसंगत सगळी हजर आणि गायकाची जागा तेवढी मोकळी, असा हा रिकामा वाद्यवृंद. टोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली अशा प्रकारचे एक यंत्र बनविले होते. कामावर गुणगुणत असता सहकाऱ्याने थट्टा केली आणि मागे वाद्यांची साथ असती तर आपणही बरे गायलो असतो, या विचारातून ते जन्मले, असे सांगतात. पुढे १९७१ साली कोबे शहरातील दाइसुके इनोउए यांनी आपले यंत्र सिद्ध केले. इनोउए हे मद्यालयांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक. एका कंपनीच्या अध्यक्षाने त्यांना सहलीला साथीसाठी बोलाविले. जाणे जमेना, तेव्हा त्यांनी त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ ध्वनिफितीवर भरून दिली. या प्रसंगातून कल्पना सुचली आणि नाणे टाकताच वाजू लागणारी अकरा यंत्रे त्यांनी तयार करविली. त्यांचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. त्यामुळे जगभर फोफावलेल्या धंद्यातील मोठा वाटा इतरांच्या खिशात गेला. १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्यांची गणना शतकातील प्रभावशाली आशियाई व्यक्तींत केली, आणि २००४ साली विनोदी शोधांसाठीचे 'इग नोबेल' शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. एकमेकांना सहन करण्याची नवी रीत त्यांनी मानवजातीस शिकविली, असा त्या गौरवाचा मिस्कील आशय होता. मिस्कीलपणा बाजूला ठेवला तरी त्यातले सत्य उरतेच.

व्हिडिओ खेळ या कुळात पुढे आले. जपानात १९८७ साली घरगुती खेळयंत्राला माईक जोडून गाण्याचा प्रयोग झाला होता. परंतु गाणाराचा सूर अचूक मोजून त्याला गुण देणारा खेळ घरोघरी पोहोचला तो २००३ मधील 'कराओके रेव्होल्युशन' आणि २००४ मधील 'सिंगस्टार' या दोन मालिकांमुळे. पहिली अमेरिकेतील हार्मोनिक्स या संस्थेने घडविली, दुसरी सोनीच्या लंडन शाखेने. 'सिंगस्टार'च्या पेटीत एक तांबडा आणि एक निळा असे दोन माईक असत आणि त्या जोडीतच खेळाचे मर्म होते. दोघांनी एकच गाणे समोरासमोर म्हणावे, किंवा मंडळींनी दोन पक्ष करून माईक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी त्याची रचना होती. एकट्याने खोलीचे दार लावून खेळावयाच्या इतर व्हिडिओ खेळांहून हा खेळ येथेच वेगळा पडतो. तो माणसे जमल्याखेरीज रंगत नाही.

यंत्र गुण कसे देते, हेही समजून घ्यावयास हवे; कारण पुढचा सारा वाद त्यावर अवलंबून आहे. पडद्यावर शब्दांच्या वर आडव्या पट्ट्या सरकत असतात. पट्टी उंचावर असेल तर सूर चढा, खाली असेल तर उतरता. पट्टी लांब असेल तर स्वर लांबवावयाचा, आखूड असेल तर तोडावयाचा. माईकमधून आलेल्या आवाजाची दर सेकंदाची कंपने यंत्र मोजते आणि ती त्या पट्टीशी जुळतात काय एवढेच पाहते. सप्तकाचा भेद सहसा धरीत नाही, म्हणून बापाने खर्जात आणि लेकीने वरच्या पट्टीत गायले तरी दोघांना सारखेच गुण मिळू शकतात. शब्दांचे तर त्याला बहुतांशी ज्ञानच नाही. ओठ मिटून सुरात गुणगुणणाऱ्यालाही ते पूर्ण गुण देईल आणि जीव ओतून पण किंचित बेसूर म्हणणाऱ्याला नापास करील. शब्द, अर्थ, भाव, श्वास, ठेहराव यांपैकी काहीही त्याच्या तराजूत येत नाही.

असे असूनही हा खेळ मित्रमंडळींत जो चमत्कार घडवितो तो नजरेआड करता येत नाही. 'मला गाता येत नाही' असे सांगून कोपऱ्यात बसणारा माणूस प्रत्येक बैठकीत असतो. त्याला 'गाणे म्हण' म्हटले तर तो उठून जाईल. 'एक डाव खेळ' म्हटले तर तो माईक हाती घेतो. याचे कारण उघड आहे. गाणाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात आणि त्या नजरांचेच त्याला भय असते. येथे सर्वांचे डोळे पडद्याकडे असतात. गाण्यातील हार ही अपमानाची गोष्ट ठरते. खेळातील हार ही हसण्यावारी जाते. सूर सापडला नाही तर दोष गळ्याचा न ठरता डावाचा ठरतो, आणि पुढचा डाव समोर असतोच. ज्या माणसाने शाळेतील प्रार्थनेनंतर कधी तोंड उघडले नाही, तो तिसऱ्या गाण्याला मोकळा होतो. ही साधी गोष्ट नव्हे. माणसाने चारचौघांत आवाज मोकळा सोडणे यात एक प्रकारचा विश्वास असतो, आणि मैत्रीला तो विश्वास लागतो.

आता आक्षेपकांनी जरा आपल्या घराकडे पाहावे. गाणे हे केवळ गवयाचे काम आहे असे आमच्या या भूमीने कधीच मानले नव्हते. चतुर्थीला घरोघर फिरून घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या गजरात ज्या आरत्या म्हटल्या जातात, त्यांत गळ्याची परीक्षा कोण घेतो? २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, ते योग्यच झाले. परंतु घुमटाचा खरा मान असा की, त्याच्या नादाखाली वाड्यावरच्या बेसूर म्हाताऱ्यापासून मिसरूड न फुटलेल्या पोरापर्यंत सर्वांचे आवाज झाकले जातात आणि सामावूनही घेतले जातात. वास्कोच्या श्री दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजनाचा अखंड घोष चालतो, त्यात नामवंत गायकांच्या बैठकीही होतात आणि साध्या भक्तांचे कंठही मिसळतात. देवळांच्या जत्रेत आणि काल्याला गावातील हौशी मंडळी रात्रभर संगीत नाटक करीत. दिवसा दुकान सांभाळणारा गृहस्थ रात्री तोंडाला रंग फासून ऑर्गनच्या साथीवर नाट्यपद म्हणे, आणि तान फसली तरी गाव त्याला 'वन्स मोअर' देई. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरांत मांडो आणि दुलपद एकत्र मिळून गाण्याची रीत होती. मा. दीनानाथांसारखा तेजस्वी गळा १९०० साली मंगेशीत जन्माला आला, तो याच गाणाऱ्या भूमीत. जेथे हजार सामान्य गळे गात असतात तेथेच एखादा असामान्य गळा उपजतो.

मग हे हजार गळे गप्प कोणी केले? कराओकेच्या खेळाने नव्हे. तो येण्यापूर्वीच ते काम होऊन चुकले होते. रेडिओ आला, ध्वनिमुद्रिका आली, कॅसेट आली, आणि उत्तमात उत्तम आवाज घरबसल्या ऐकू येऊ लागला. या उपकाराची एक किंमत होती. लताबाईंचा आवाज ज्या घरात रोज वाजतो त्या घरातील सुनेला आपला आवाज ऐकवेनासा झाला. आज कित्येक घरांत गणपतीपुढे उभे राहून मंडळी टाळ्या तेवढ्या वाजवितात आणि आरती भ्रमणध्वनी म्हणतो! भटजी नाही म्हणून नव्हे, पेटीवाला नाही म्हणून नव्हे. सहा कडवी कोणालाच पाठ नाहीत म्हणून. पूर्ण भरलेले गाणे वाजविणाऱ्या यंत्राने आम्हाला श्रोते करून टाकले. त्याउलट कराओकेचे यंत्र गाण्यातली गायकाची जागा रिकामी ठेवते आणि 'ती तू भर' असे सांगते. ज्यांना यंत्राचा राग येतो त्यांनी या दोन यंत्रांतील फरक ध्यानात घ्यावा. आपल्या तोंडचा शब्द काढून घेणारे यंत्र देवघरात खपवून घ्यावयाचे आणि तोंडात शब्द घालणाऱ्या यंत्रावर मात्र दिवाणखान्यात आग पाखडावयाची, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही.

याचा अर्थ या खेळाला मोकळे रान द्यावे असा नाही. त्याचा पहिला खरा दोष त्याच्या गुणफलकात आहे. पट्ट्यांची ती चौकट पियानोच्या बारा स्वरांवर बेतलेली आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, स्वराला दिलेले आंदोलन, गमक, ठेक्याच्या किंचित मागे राहून समेवर येण्यातली गंमत, हे आमच्या गाण्याचे प्राण. आणि नेमक्या याच गोष्टी त्या पट्टीबाहेर पडतात. एखादे नाट्यपद जसेच्या तसे मुद्रिकेतल्या हरकतींसह म्हणणाऱ्या जाणत्या गायकाला हे यंत्र कदाचित कमी गुण देईल आणि सरळसोट, मेणाच्या पुतळ्यासारखे म्हणणाऱ्याला अधिक. हा यंत्राचा अपराध नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. अपराध घडेल तो आपण त्या आकड्याला परीक्षकाचा निर्णय समजू लागलो तर. आधीच आमच्या मुलांचे बालपण दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी आणि त्यांतील गुण, मते व अश्रू यांनी व्यापले आहे. मित्रांच्या बैठकीतही तीच गुणपत्रिका शिरली तर उरलीसुरली निर्भयता जाईल. गुणफलक हा सोंगट्यांच्या दानासारखा मानावा. दान पडले तर हसावे, न पडले तर अधिक हसावे.

या बाबतीत २००७ साली निघालेल्या 'रॉक बँड' या खेळाकडून काही घेण्यासारखे आहे. तोही हार्मोनिक्सचाच. त्यात एक गातो, एक ढोल वाजवितो, दोघे गिटारच्या आकाराची खेळणी वाजवितात आणि सर्वांचे यश एकत्र मोजले जाते. एखादा डावातून बाद झाला तर इतरांनी आपली साठविलेली शक्ती वापरून त्याला परत उभा करावयाचे, असा नियम त्यात आहे. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, बीटल्सच्या गाण्यांवर निघालेल्या त्याच्या आवृत्तीत तिघांनी निरनिराळ्या सुरांत एकत्र गाण्याची सोय झाली. येथे प्रतिस्पर्धी नाही, साथीदार आहे. आमच्या भजनी मंडळाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. मुख्य गायकाचा श्वास संपतो तेथे मागचे टाळकरी धृपद उचलतात आणि अभंग खाली पडू देत नाहीत. मित्रांच्या मेळाव्यात खेळ निवडताना जिंकण्याहून सावरण्याला अधिक वाव देणारा खेळ निवडावा, एवढीच आमची सूचना.

दुसरा दोष मालकीचा. पारावर शिकलेले गाणे कोणी परत मागत नाही. यंत्रातले गाणे मात्र कंपनीच्या मर्जीवर असते. 'सिंगस्टार'ची गाणी विकणारे आंतरजालावरील दुकान सोनीने ३१ जानेवारी २०२० रोजी बंद केले. पैसे मोजून घेतलेली गाणी ज्यांनी आधीच आपल्या यंत्रात उतरवून ठेवली होती त्यांची ती टिकली. यंत्र बिघडले की ती पुन्हा मिळण्याची वाट संपली. शिवाय या मालिकांचा जीव मुख्यतः इंग्रजी, जपानी आणि युरोपीय भाषांच्या बाजारात. हिंदी चित्रपटगीतांची 'सिंगस्टार बॉलिवूड' ही आवृत्ती २००७ साली निघाली खरी. परंतु मराठी भावगीते, नाट्यपदे वा कोंकणी गीते यांच्यासाठी असे काही कोणा बड्या कंपनीने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मग आमची मुले इंग्रजी गाणी म्हणतात म्हणून त्यांना बोल लावण्यात काय अर्थ? त्यांच्यापुढे वाढून ठेवलेल्या ताटात जे आहे तेच ती खाणार.

पण हे ताट आपण भरू शकतो. 'अल्ट्रास्टार' नावाची 'सिंगस्टार'च्या धर्तीची मुक्त संगणकप्रणाली आज उपलब्ध आहे. ती विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालते. तिच्यासाठी गाणे तयार करण्याची रीत अवघड नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत गाण्याचे एकेक अक्षर, ते कोणत्या मात्रेला सुरू होते, किती लांबवावयाचे आणि कोणत्या सुरात म्हणावयाचे एवढे लिहावयाचे. सोबत साथीचे ध्वनिमुद्रण जोडावयाचे. अलीकडील चित्रपटगीते वा भावगीते घ्यावयाची तर मालकी हक्काची परवानगी हवी. परंतु ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग, नामदेवांची पदे, परंपरेने चालत आलेल्या आरत्या यांच्या शब्दांवर कोणाचा मालकी हक्क आहे? पारंपरिक चालींत त्यांची साथ आमच्याच पेटीवाल्यांनी, तबलजींनी आणि घुमटवाल्यांनी वाजवून मुद्रित केली, तर एका वर्षात पन्नास गाण्यांचा संग्रह सहज उभा राहील. कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मृत्यर्थ अखिल गोवा भजनी स्पर्धा घेते आणि तीत गावोगावची पथके उतरतात. एवढे गुणी गायक-वादक हाताशी असता हे काम अकादमीने, एखाद्या महाविद्यालयाने किंवा संगणक शिकलेल्या चार तरुणांनी अंगावर घेणे अशक्य आहे काय? ज्या मुलाला आरतीची वही उघडण्याचा कंटाळा येतो तो पडद्यावर सरकणारी आरती दहा वेळा हौसेने म्हणेल, आणि दहाव्या वेळेस ती त्याला पाठ झालेली असेल. मींड मोजता न येणारे हे यंत्र पाठांतर करून घेण्यास मात्र पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट शिस्तीची. आपली मौज ही शेजाऱ्याची सजा होऊ नये. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धकांना बंधन घातले आहे. सदनिकेच्या पातळ भिंतीपलीकडे कोणाचे आजारी माणूस असते, कोणाच्या मुलाची परीक्षा असते. आवाज बेसूर असण्याचा हक्क आम्ही मान्य करतो. तो मध्यरात्री कर्ण्यातून बजावण्याचा हक्क आम्हाला मान्य नाही. तसेच ज्याला खरोखर गावयाचे नाही त्याच्या हाती माईक कोंबू नये, आणि जो एकदा गाऊ लागला त्याची ध्वनिचित्रफीत त्याच्या संमतीवाचून चहूकडे धाडू नये. मित्रांच्या विश्वासाने उघडलेला गळा अनोळखी लोकांच्या टवाळीचा विषय झाला, तर तो पुन्हा उघडणार नाही.

इतके पथ्य पाळले तर या खेळाचे स्वागत करण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. मात्र तो पांगुळगाडा आहे, पाय नव्हेत, याचे भान ठेवावे. मूल चालू लागले की पांगुळगाडा माळ्यावर जातो. म्हणून आमच्या तरुण वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, पुढच्या बैठकीत खेळ अवश्य मांडावा, गुणांवरून मनसोक्त भांडावे. पण रात्रीचे शेवटचे गाणे संच बंद करून म्हणावे. शब्द अडतील, पट्टी चुकेल, कोणी एक कडवे गाळील आणि दुसरा ते आठवून देईल. आणि येत्या चतुर्थीला त्यांच्यापैकी एकाने जरी घरच्या देवापुढे भ्रमणध्वनी खिशात ठेवून स्वतः आरतीला सुरुवात केली, तर या जपानी खुळाने आमच्यावर फार मोठे उपकार केले असे आम्ही समजू.